मासळी सोडलेल्या दोघी

पद्मावतीने चपलेत पाय सरकवला आणि तो नीट बसला की नाही, हे वाकून पाहिलं. डिचोलीच्या डॉक्टरांनी तेवढ्यावरूनच विचारलं, "मुंग्या येतात?"

"पायांक येतत. आता बोटांक पण. हातात काय धरलंय तां कळणा नाय."

"मासे खाता?"

"माळ घातली तेव्हाच सोडले. आमी दोगी जावांनी, एकाच दिसा." तिने मागे उभ्या असलेल्या धाकट्या जावेकडे, वैशालीकडे, बोट दाखवलं.

डॉक्टरांनी समोरचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "बी-ट्वेल्व्ह फार कमी झालंय. मासे, अंडी, दूध यांतून ते मिळतं. शरीर ते यकृतात साठवतं आणि वर्षानुवर्षं चिमटीचिमटीने वापरतं. नवीन आलं नाही की साठा आटतो, मग नसा दुखावतात. इंजेक्शनांनी सुधारेल, पण वेळ लागेल."

पद्मावतीकडे वेळ नव्हता. सर्वण गावच्या मांडावर, देवकार्याच्या राखीव अंगणात, पौषातले धालो सुरू झाले होते. बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून पुढे-मागे झुलत गातात; रांगेच्या पहिल्या टोकाला उभं राहून गाणं उचलायचा, सुरू करून द्यायचा मान सासू गेल्यापासून तिचा होता. गेल्या वर्षी तिचा पाय अडखळला. यंदा बायकांनी काही न बोलता वैशालीला टोकाला उभं केलं.

परतीच्या बसमध्ये ती वैशालीचे पाय बघत राहिली. बस वळली तरी ते जागचे हलत नव्हते. एकच चूल, एकच भाजी, चहापुरतंच दूध. मग हिचा साठा कसा आटला नाही?

घरात शिरताच तिने विचारलं, "वाळपईक माहेराक जातंस तेव्हा मासे खातंस मगे? माळ काढून ठेवतंस, की गळ्यात ठेवनच?"

वैशालीने पिशवी खाली ठेवली. "देवाची आण, वयनी. मासो सोडाच, सुकां सुंगट पण तोंडाक लावूक नाय. मी इंजेक्शनां घेतंय. माजे पण पाय बधिर जाले होते. थंयच्या डॉक्टरान सांगल्यान."

"कधी?"

"तुमी अडखळलास, त्याच्या आधी."

"आणि माका सांगूक नाय?"

"सांगणार होतंय." वैशाली माळेचा मणी फिरवत राहिली. "मगे तुमी अडखळलास. आणि सगळ्यांनी माज्याकडे बघल्यानी."

पद्मावती खांबाला टेकली. हिने मासे खाल्ले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. वाड्यावर सांगण्यासारखं काही तरी हाती आलं असतं.

संध्याकाळी मांडावर वैशालीने तिला रांगेच्या शेवटून हात धरून आणलं आणि टोकाला, आपल्या शेजारी उभं केलं.

"गाणां तुमीच उचला, वयनी. पाय मी सांभाळतंय."

पद्मावतीने तिच्या कमरेला हात घातला आणि गाणं उचललं. झुलता झुलता तिची बोटं त्या कमरेत रुतत गेली. वैशालीचा सूर मध्येच तुटला. वयनीच्या बोटांना काही कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने दात आवळले आणि पुढची ओळ धरली.