हिरवट झाक

परीक्षकांनी चिमट्यात धरलेला नीलम दिव्याखाली पुन्हा एकदा फिरवला.

"हिरवट झाक आहे."

"मला निळाच दिसतोय, सर. जरासा जांभळ्याकडे झुकणारा." पलीकडच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. रत्न पारखायला ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती, आणि या आठवड्यात प्रत्येक खड्यावर दोघांचं वाजत होतं. दोघांचं मत जुळल्याशिवाय अहवाल पुढे जात नसे. खडे तसेच पडून होते.

"तर मग दिवा खराब आहे."

"दिवा कालच बदललाय."

"मग हा कागद बघ! पांढरा मागवला की पिवळट आणून ठेवतात. यावर ठेवून काय डोंबल रंग कळणार?"

ती उठली. नवा गठ्ठा फोडून तिने एक कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो झटक्यात उचलला आणि खिडकीशी नेला.

"हाही पिवळा. कुणाला कामाची चाड म्हणून राहिली नाही."

"सर," ती हळूच म्हणाली, "हा पांढरा आहे."

तिला खडसावायला ते वळले, आणि त्यांची नजर तिच्या कोटावर गेली. मग भिंतीवरच्या फरश्यांवर. मग स्वतःच्या बाहीवर. सगळ्यांवर तोच फिका पिवळेपणा होता. शर्ट नीट धुतले जात नाहीत म्हणून परवाच ते बायकोवर करवादले होते. तिने ते पुन्हा भिजत घातले होते.

ते खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला, परत लावला. कागदात काडीचाही फरक पडला नाही.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही त्या माणकाला नारिंगी म्हणालात ना, तेव्हापासून."

"आणि मुकाट्यानं दिवे बदलत बसलीस?"

"म्हटलं, आधी दिवेच बदलून बघू."

यावर चिडावं असं त्यांना फार वाटलं. पण राग नेमका कुणावर काढायचा तेच कळेना. त्यांनी खडा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि भिंग जुळवलं.

"खड्यातल्या सुईसारख्या बारीक रेषा तुटून ठिपके झालेत. रंग खुलवायला खडा तापवलेला आहे. लिही."

तिने लिहिलं.

"आणि रंग, सर?"

मग खडा पुन्हा चिमट्यात धरून त्यांनी तिच्यापुढे केला.

"ते जांभळं म्हणतेस, ते कुठे दिसतंय?"

"मधोमध. वरून बघितलं की."

ते वाकून तिथे बराच वेळ बघत राहिले.

"लिही," ते म्हणाले, "तुला दिसतंय तसं."