नंदिनीताईंच्या छताखाली

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी टेकू आहे. ओल्या स्लॅबला खालून आधार देणे हे माझे काम. माझ्या अंगावर आटे आहेत. त्यांवरची चकती फिरवली, की मी उंच होऊन छताला भिडतो.

तळोज्याच्या एका कारखान्यात मी घडलो. नवी मुंबईतल्या कितीतरी इमारतींचे स्लॅब मी पेलले. मिस्त्री माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "हा गडी मजबूत हाय!" मला अभिमान वाटे. मात्र घरात माणसे राहायला येईपर्यंत मी पुढच्या कामावर गेलेला असे.

गेल्या पावसाळ्यानंतर मला खांदेश्वरच्या एका राहत्या घरात आणले. घर सर्वांत वरच्या मजल्यावर, नंदिनीताईंचे. बिल्डरने स्लॅबचे काम धनाजी नावाच्या सबकॉन्ट्रॅक्टरला दिले होते. पहिल्याच वर्षी छत गळू लागले. ताईंनी तक्रार केली, की बिल्डरचे ऑफिस धनाजीकडे बोट दाखवी. धनाजी येई, भेगेत पुट्टी भरून रंग मारी आणि म्हणे, "टेन्शन नका घेऊ, मॅडम." पुढच्या पावसात भेग आणखी लांब होई.

शेवटी आतल्या खोलीचे छत मधोमध फुगून खाली आले. ताईंनी आणलेल्या इंजिनिअरने ताबडतोब टेकू लावायला सांगितले. म्हणून धनाजीच्या मालातले आम्ही तिघे टेकू तिथे उभे राहिलो. ताईंच्या सासूबाई, मालतीबाई, हॉलमध्ये झोपू लागल्या. त्यांची खाट मात्र आमच्यामध्येच राहिली. रोज सकाळी त्या दारातून मला म्हणत, "बाबा, धरून ठेव रे."

मी धरून होतो. पण हा भार ओल्या स्लॅबसारखा नव्हता. तो गुपचूप सरकत होता.

एका दुपारी धनाजी आला. बरोबर प्रसाद नावाचा कामगार होता.

"मॅडम, टेकू न्यायचेत. दिघ्याच्या साइटवर माल कमी पडलाय."

"आणि हे छत?" ताईंनी विचारले.

"काय नाय होत. नंतर बघू." त्याने प्रसादला खूण केली.

प्रसादने खिडकीजवळचा टेकू सैल करून काढला. त्याच क्षणी वर 'कट्ट' असा आवाज झाला. त्याचा सगळा भार माझ्यावर आला. माझे अंग थरथरले. तेवढ्यात प्रसादचा हात माझ्या चकतीवर पडला.

"थांब! हात काढ!" ताई मध्ये आल्या. त्या धनाजीकडे वळल्या. "काही होत नाही ना? मग या खाटेवर आडवे व्हा. थोडा वेळ पडून राहा आणि मग खुशाल सगळे घेऊन जा."

धनाजीने खाटेकडे पाहिले. मग वर पाहिले. आणि तो दाराकडे सरकला.

आणि छताचा मोठा तुकडा त्या खाटेवर कोसळला. खोलीभर धूळ झाली. मी कमरेत वाकलो. आता माझा धीर सुटणार, असे वाटले. धनाजी जिन्याकडे पळाला. प्रसाद पळाला नाही. त्याने काढलेला टेकू उचलून पुन्हा उभा केला. ताईंनी तो खालून धरला आणि प्रसाद जिवाच्या आकांताने चकती फिरवू लागला. टेकू छताला भिडला. माझा श्वास मोकळा झाला.

"आई, चला खाली!" म्हणत ताईंनी मालतीबाईंना घराबाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी सगळी सोसायटी बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसली. बिल्डरला धनाजीला घेऊन स्वतः ताईंच्या घरी यावे लागले. वर उघड्या पडलेल्या सळया गंजल्या होत्या. काँक्रीट बोटाने उकरले तरी भुगा पडत होता.

"सेठ, स्लॅबची घाई तुमीच केली होती," धनाजी म्हणाला.

"काम तुझं होतं," बिल्डर ओरडला.

"आणि घर आमचं आहे," नंदिनीताई म्हणाल्या. "ते नीट कोण करून देणार, तेवढं बोला."

छत स्वतःच्या खर्चाने करून देण्याचे बिल्डरला लेखी कबूल करावे लागले. जुना स्लॅब तोडून नवा टाकला. ताई रोज समोर उभ्या राहिल्या. छत आता कोरडे आहे. तरीही मालतीबाई अजून हॉलमध्येच झोपतात.

मी वाकलो, म्हणून मला पंपाच्या खोलीमागे टाकून दिले आहे. त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी घरे बांधेल, कुणी बांधून घेईल. तेव्हा माझ्यासारख्याला स्लॅबखालून काढण्याआधी क्षणभर थांबा, वर नीट पाहा आणि विचारा, इथे खाली कोण झोपणार आहे?