बारावी पास लेखनिक

समर्थची यूपीएससीची मुख्य परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होणार, आणि त्याची लेखनिक क्षिप्रा डेंग्यूने हॉस्पिटलात आडवी. दिल्लीतल्या आर. के. पुरममधल्या अंध विद्यार्थ्यांच्या त्या लहानशा संस्थेत भरदुपारी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. समर्थ हिंगोलीचा, जन्मापासून अंध, पेपर मराठीत देणारा. त्याचा हा शेवटचा प्रयत्न होता.

संचालक पद्मजा मॅडमनी ओळखीच्या साऱ्या मराठी घरांत फोन लावले. दिल्लीत वाढलेली मुलं एकच उत्तर देत होती, "आंटी, बोलता येतं, पण लिहायला थोडा प्रॉब्लेम आहे." संस्थेत शिकवणारे, भराभर मराठी लिहिणारे उन्मेष सर समोरच होते, पण ते पडले पीएच.डी., आणि परीक्षेच्या नियमाने लेखनिक पदवीधर असून चालत नाही.

"यार, सगळे एवढे शिकलेले, आणि एकही कामाचा नाही," ते म्हणाले.

वैजयंतीताई झेरॉक्सपाशी उभ्या राहून हे ऐकत होत्या. अठरा वर्षं चहापासून हजेरीपर्यंत सगळं त्याच बघत. मीटिंगमधला शब्दन् शब्द त्या वहीत उतरवून घेत, आणि बोलणारा श्वास घेईपर्यंत त्यांचं वाक्य पुरं झालेलं असे. ऑफिस त्यांना बी.ए. समजे. कधीतरी कुणीतरी तसं म्हणालं होतं आणि ताईंनी ते खोडून काढलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं तर बारावीनंतर लग्न झालं आणि पुस्तकं माळ्यावर गेली ती गेलीच.

आता ती मूठ उघडायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पण समर्थ खुर्चीत ताठ बसून नुसता ऐकत होता. त्याच्याकडे पाहून ताईंना आपल्या लपवाछपवीचीच लाज वाटली.

"मॅडम, मी बी.ए. नाही," त्या म्हणाल्या. "बारावी पास आहे. मी लिहीन."

समर्थ हसला. "ताई, मीटिंगमध्ये तुमचं पेन ऐकलंय मी. ते थांबतच नाही."

तीस वर्षांनी बारावीचं प्रमाणपत्र ट्रंकेतून निघालं. आयोगाकडे तातडीचा अर्ज गेला आणि संध्याकाळी लेखनिक बदलायची परवानगी आली.

पहिला पेपर निबंधाचा, अंधांसाठीचा जादा वेळ धरून चार तासांचा. तिसऱ्या तासाला ताईंची बोटं आखडली. त्यांनी हात झटकला आणि पुन्हा लिहू लागल्या. शेवटचं वाक्य सांगून समर्थने विचारलं, "किती वेळ उरला?"

"अकरा मिनिटं."

आजवर कुठल्याच पेपरात समर्थकडे वेळ उरला नव्हता. "मग पहिल्यापासून वाचून दाखवा," तो म्हणाला, आणि ताईंनी अभिमानाने वाचायला घेतलं. बाकीचे पेपरही त्यांनीच लिहिले.

निकालात समर्थचं नाव आलं. पेढ्याचा पहिला घास त्याने ताईंना भरवला आणि ताई सगळ्यांदेखत रडल्या.

नवे लेखनिक तयार करायचं काम आता त्यांच्याकडे आहे. भिंतीवरच्या लेखनिकांच्या यादीत पहिलं नाव त्यांनी स्वतःचं घातलं. शेजारी, शिक्षणाच्या रकान्यात, दारातून दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं: बारावी पास.