नंबर नसलेलं ताट

पौषातली दुपार. केळीच्या बागांवरून ओघळणारी, हळदुली, हिमस्पर्शी दुपार. क्षितिजावर सातपुड्याची निळी रेघ टेकलेली, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना पानापानांतून पाझरणारा हरितमंद उजेड.

त्या उजेडातून वामन तायडेंची छोटी पांढरी गाडी चोपड्याला चालली होती, लेकीकडे. शेजारी कौसल्या. तिच्या बाजूची काच खाली केलेली.

काचेतून धूर आला. कपाशीच्या काड्यांवर भाजणाऱ्या वांग्यांचा धूर. ओला, गोडूस, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. बागेच्या कडेला भरीत-भाकरीच्या खाणावळीचं एक छप्पर होतं, छपराखाली पंगत होती.

इथंच थांबू या, कौसल्या म्हणाली. वामननं ऐकलं, आणि गाडी पुढं नेली. पुढं बर्गरच्या दुकानाची ती लालभडक पाटी होती, गावोगावी एकाच चेहऱ्यानं हसणारी. तोच पाव, तेच बटाट्याचे काप, तोच गारेगार काचबंद प्रकाश.

हसू नका त्या पाटीला. तिथं नंबर मिळतो. पडद्यावर नंबर उजळतो, आणि नंबराला गाव नसतं, वस्ती नसते, आडनाव नसतं. विशीतला वामन, कारखान्यातला नवा फिटर, ज्या टपरीवर चहा प्यायचा तिथं त्याचा कप वेगळा होता. कान तुटलेला, भिंतीच्या खोबणीत पालथा. पिऊन झाला की त्यानंच विसळायचा. चुलीवरचं जेवण, मातीची चव म्हणून गहिवरणाऱ्यांनो, त्या चुलीपाशी कुणाला बसू दिलं होतं ते आधी सांगा. गहिवर मग काढा.

तेव्हापासून प्रवासात वामनचा घरचा डबा. पाट्या उगवल्या तेव्हापासून पाटी.

कौसल्येनं हट्ट केला नाही. ती हट्ट करत नसे, हेच तर वामनला टोचायचं. मागं पडणाऱ्या धुराकडं बघत ती हळूच म्हणाली, "माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची. तिथं भरताच्या पंगती उठायच्या, अन् मी बांधावर बसून नुसता वास घ्यायची. पंगतीत बसून कधी खाल्लंच नाही बघा."

साठीची बाई. केसांत कापूस उमललेली, डोळ्यांत अजून तो बांध.

लाल पाटी समोर आली. वामननं गाडी मागं वळवली, धुराकडं.

छपराखाली चुलीशी एक दांडगी बाई भाकरी थापत होती. सगळे तिला सिंधूताई म्हणत. तिनं मान वर न करताच विचारलं, जसं तिकडं सगळेच विचारतात, "कुठले म्हनायचे? कोनाचे?"

गावाचं नाव सांगून सुटता आलं असतं. आजवर सुटलाच होता.

"तायडे," तो म्हणाला, जरा मोठ्यानंच. "वामन सखाराम तायडे."

पंगतीत एक घास थबकला. कडेला एक जाडसर माणूस बसला होता. त्यानं आपलं केळीचं पान उचललं आणि हातभर पलीकडं सरकवलं. हातभर. शतकानुशतकांचं ते हातभर.

कौसल्येनं नवऱ्याची बाही धरली. चला, जाऊ, असं ती पकड म्हणाली.

सिंधूताईनं पाहिलं होतं. पिठाचे हात तसेच घेऊन ती उठली, आणि त्या मोकळ्या हातभरात दोन पानं अंथरली.

"बरं केलं भाऊ," ती जाडसर माणसाला म्हणाली, "पाहुन्यांना जागा झाली." मग कौसल्येकडं वळून, "बस वं माय. मिरची सोसती ना?"

सोसते, कौसल्या म्हणाली, आणि बसली. वामन तसाच उभा. मग तोही बसला, मांडी घालून, त्या माणसाच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

सिंधूताईनं हातानंच भरीत वाढलं. हिरवंगार, तेलानं तकतकणारं, वर कांद्याची पात. शेजारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वाफाळती, काळसर. कौसल्येनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतून पाणी आलं. मिरचीचं म्हणा हवं तर.

वामननं भाकरी मोडली. त्याच्या पानावर भरताचं तेल सुटलं होतं, सोनेरी, संथ, एकेक शीर ओलांडत कडेकडं निघालेलं. ते जमिनीवर सांडायच्या आत त्यानं भाकरीचा तुकडा पुढं केला, आणि टिपलं, आणि टिपलं, आणि सावकाश, कुणाकडंही न बघता, तोंडात घातलं.