वासरे ओढणारा दोर

मित्रांनो, गव्हाणीखाली धुळीत पडलेला हा जुना सुती दोर म्हणजे मी. फ्रीसलँड या डच प्रांतातल्या ह्या गोठ्यात मी तीनशेहून अधिक वासरे जगात आणली. गाय अडली की माझा मालक हारमेन मला उकळून काढी, वासराच्या पायांना बांधी आणि गायीने कळ दिली की ओढी. शेजारी म्हणत, "हारमेनचा दोर असताना डॉक्टर कशाला?" मी फुगून जाई.

एका मार्चमध्ये त्याची लेक रिंस्के इथल्या जुन्या रीतीप्रमाणे वर्षातले टिटवीचे पहिले अंडे सगळ्यांआधी शोधायला कुरणात गेली. काठीच्या आधाराने चर ओलांडताना काठी चिखलात सरकली. रिंस्के उजव्या तळव्यावर आपटली आणि कोपर मागे निखळले. याच हाताने ती फरशांवर निळी जहाजे रंगवी.

"बाबा, हात लावू नका. दवाखान्यात चला."

"एवढ्याशा कोपरासाठी? उलटी वासरं काढतो मी!"

"मी वासरू नाहीये!"

"वासरं एवढी कुरकुर करत नाहीत," तो हसला आणि मला तिच्या मनगटाला बांधले.

त्याने ओढले. कट्ट आवाज झाला, हाड बसले.

"बघ! अंडं हुकलं, पण कोपर बसलं."

"बाबा," रिंस्के हळूच म्हणाली, "मला अंगठा कळतच नाहीये."

'बधिरपणा जाईल' म्हणत त्याने आठवडा घालवला. मग दवाखाना. मी त्याच्या कोटाच्या खिशातच होतो.

"ओढताना नस सांध्यात चिमटली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात होता तसाच झोळीत बांधून लगेच आणायचा. आम्ही नाडी पाहतो, बोटांना कळतंय का ते पाहतो, फोटो काढतो, भूल देतो, मग हळूच बसवतो. पुढे थोडे दिवस पट्टी आणि मग व्यायाम."

"आता?" हारमेनने विचारले.

"आता शस्त्रक्रिया. पण खात्री देत नाही."

शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षे झाली. ब्रश अजून बोटांत टिकत नाही. हारमेन आता अडलेल्या गायीजवळ नुसता उभा राहतो आणि गुरांच्या डॉक्टरची वाट पाहतो.

मित्रांनो, निखळलेले कोपर कधी ओढू नका. कितीही सरावाचे हात असोत, कितीही नावाजलेला दोर असो.

परवा रिंस्केने मला गव्हाणीवरच्या खुंटीवरून काढायला उजवा हात वर केला. बोटे मिटलीच नाहीत. मी खाली पडलो. हारमेन दारात उभा राहून पाहत होता. मला उचलायला तो पुढे आला नाही.