शनिवारचा काप

त्या शनिवारीही आई दारातूनच ओरडली, "खिडकी उघडा!"

खिडकी उघडा म्हणजे तवा तापणार. तवा तापणार म्हणजे तिनं येताना खाटकाकडून काप आणलेला आहे.

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. आठवडाभर वाफेच्या यंत्रापुढे उभं राहून परक्यांच्या चादरींना इस्त्री करायची. शनिवारी अर्धा दिवस. उरलेल्या अर्ध्या दिवसात ती आधी एक काम उरकायची: स्वतःसाठी एक स्टेक भाजायची.

स्वतःसाठी, हे तिनं कधी लपवलं नाही. मी वाचलेल्या बहुतेक पुस्तकांतल्या आया शेवटी जेवतात, उरलंसुरलं जेवतात, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक होतं. माझी आईही आठवड्यातले सहा दिवस तशीच होती. करपलेलं असेल ते तिचं, थंड झालेलं असेल ते तिचं. शनिवारी मात्र आम्ही आधी जेवून घ्यायचं आणि तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं. दादा लहानपणी तिच्या ताटाशी घुटमळायचा.

"आई, एकच तुकडा."

"माझं झालं की तुझा वेगळा भाजते. अख्खा. माझ्यातला नाही."

मांस फडक्यानं कोरडं टिपायचं, मीठ चोळायचं, बिडाच्या तव्यातून धूर निघेपर्यंत दम धरायचा. काप पडला की घरभर चर्र. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "सारखं डिवचायचं नाही. सुटायचा तेव्हा तो आपणहून सुटतो." एकदाच उलटायची. लोणी, ठेचलेला लसूण, तवा कलता करून चमच्यानं वरून ओतत राहायची. मग पाटावर झाकून ठेवायची आणि तेवढ्यात टेबल मांडायची. घरात ती इस्त्रीला हात लावत नसे. बाबा चुरगळलेल्या सदऱ्यात खुशाल हिंडायचे. इस्त्री व्हायची फक्त एका रुमालाला, जेवताना मांडीवर घ्यायच्या.

ती बसली आणि नेहमीप्रमाणे घराला तिची आठवण झाली. फोन वाजला. बाबा आतून म्हणाले, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलायस?"

तिनं तोंडातला घास आधी गिळला. "मी जेवतेय."

आवाजात राग नाही, चढ नाही. दुकानाच्या दारावर पाटी उलटी करावी, तितकंच.

"बरं, बरं. होऊ दे सावकाश," बाबा म्हणाले आणि आपले चाचपडत राहिले. एकदा नळ फुटून स्वयंपाकघरात पाणी झालं होतं, तेव्हाही ती पाय वर घेऊन जेवत होती आणि दारातल्या प्लंबरला हेच वाक्य ऐकवत होती. तो बिचारा उंबऱ्यावर बसून राहिला.

मी समोर पुस्तक घेऊन बसायचे. पान उलटत नसे. बाहेरून जवळजवळ काळा, आत गुलाबी असा तो काप ती बेतानं कापायची, डोळे मिटायची, आणि तिचे खांदे आठवड्यात पहिल्यांदा खाली यायचे. कडेची चरबी शेवटच्या घासाला राखलेली. "जमलं बुवा," ती कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाली. पावानं ताट पुसलं. "हं, आता बोला. कोणाचं काय हरवलंय?"

चष्मा बाबांच्या कपाळावर होता.

रविवारी सकाळी ती उठली नाही.

त्या शनिवारी भेटायला आलेली मी बाबांकडेच राहिले. माणसं येत होती, जात होती. सगळ्यांना चहा लागत होता, कपाटाच्या किल्ल्या लागत होत्या, मी लागत होते. मी ओट्याशी उभ्यानंच दोन घास कोंबायचे. काय खाल्लं ते गिळेपर्यंत विसरलेले असायचे. जेवलीस का, असं कोणी विचारलं की खरंच आठवावं लागायचं.

मग एका शनिवारी खाटकानं हाक मारली. "ताई, जरा थांबा." त्यानं कागदात बांधलेला काप पुढे केला. "सवयीनं बाईंचा काढून ठेवला. मग लक्षात आलं. आता दुसऱ्या कोणाला द्यावासा वाटेना."

घरी येऊन मी खिडकी उघडली.

तव्यातून धूर निघाला. काप टाकला आणि लगेच उलथनं खुपसलं. चिकटलेला. पुन्हा खुपसलं, तर कडेनं फाटू लागला. मी उलथनं बाजूला ठेवलं आणि कमरेवर हात ठेवले. वाट पाहिली. एका क्षणी तवा नुसता हलवला, आणि तो सबंध काप घसरत माझ्याकडे आला. मी एकटीच मोठ्यानं हसले.

तो पाटावर झाकलेला असतानाच दादा आला. त्यानं दारातच हवा हुंगली. "हा वास! कुठून आणलास? एक तुकडा दे ना."

"खाटकाचं दुकान उघडं आहे. घेऊन ये, माझं झालं की भाजून देते. माझ्यातला नाही."

तो हसला, त्यानं डोळे पुसले, आणि पायांत चपला सरकवून खरंच निघाला.

मी रुमालाला इस्त्री केली. बसले. सुरी सहज उतरली, आत गुलाबी. मीठ, धूर, लोणी, आणि दातांखाली येऊन मग हार मानणारं ते मांस. कितीतरी दिवसांत जिभेला काही कळलं नव्हतं. आता सगळंच कळत होतं, कडेच्या करपलेपणासकट. माझे खांदे खाली आले.

फोन वाजू लागला. पाठोपाठ आतून बाबा. "अगं, माझा चष्मा दिसला का? आणि ती किल्ली?"

मी आपोआप अर्धवट उठले. रुमाल मांडीवरून घसरला. काटा खाली ठेवला होता, खुर्ची मागे सरकली होती. ताटात काप वाफाळत होता, अर्ध्याहून जास्त, कडेची चरबी अजून शाबूत.

मी खाली वाकून रुमाल उचलला. खुर्ची पुढे ओढली. तोंडातला घास नीट चावला, गिळला.

"मी जेवतेय," मी म्हणाले.