रगड्यातली दुर्बीण

क्षितिजला दोन वर्षांत एक दुर्बीण निवडता आली नाही, हा काही त्याचा आळस नव्हता. आळशी माणसानं ती पंधरा मिनिटांत घेतली असती.

क्षितिज मूळचा अकोल्याचा, चेन्नईत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात खरेदी विभागात. तिथे खुर्चीपासून जनरेटरपर्यंत काहीही घ्यायचं तर आधी गरज लिहायची, मग वस्तू कशी हवी ते मुद्देसूद मांडायचं, मग तीन ठिकाणांहून कोटेशनं, मग तुलनात्मक तक्ता, मग समिती. अकरा वर्षं हे केल्यावर माणूस दोडकी घेतानाही तीन गाड्यांपाशी थांबतो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत सासरे म्हणाले, शनीचं कडं एकदा या डोळ्यांनी बघायचं आहे, तेव्हा क्षितिजनं 'आणतो अप्पा' म्हटलं आणि फाइल उघडली.

सासरे गिरिधरराव. रेल्वेच्या कारखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी डब्यांची चाकं आसावर बसवली. घराणं तंजावरचं, त्यांची मराठी कधीकाळी तिथे उतरली, परतीचं तिकीट काढायला विसरली आणि तमिळच्या शेजारी संसार थाटून बसली. शनीशी घराचे जुने संबंध होते. साडेसाती आली की तिरुनळ्ळारला शनीच्या देवळात जायचं, तिळाच्या तेलाचा दिवा लावायचा. अप्पांचं म्हणणं असं की ज्याला इतकं तेल घातलं, त्याचं तोंड तरी बघावं. पण खरी ओढ वेगळी होती. आस नाही, बेअरिंग नाही, आणि चाक मात्र लाखो वर्षं फिरतं आहे, हे त्यांच्यातल्या कारागिराला झोपू देत नव्हतं.

समितीत तीन जण होते. अध्यक्ष क्षितिज, सदस्य त्याची बायको श्रीलक्ष्मी, आणि अप्पा म्हणजे वापरकर्ता विभाग. वापरकर्ता विभागाला दोन वर्षांत एकदाही बोलावलं गेलं नाही, हेही कार्यालयाच्या रीतीला धरूनच होतं. भिंगाची घ्यावी की आरशाची, नळी लांब की आखूड, यावर तक्ते झाले. एकदा निवड पक्की झाली तोवर ते मॉडेल बंद पडलं. फाइल पुन्हा पहिल्या पानावर. नळीखालच्या माउंटवर तर सात महिने गेले. साधा लाकडी, वर-खाली आणि डावा-उजवा फिरणारा माउंट क्षितिजला फार सोपा वाटला. सोप्या वस्तूवर आक्षेप येतात. शेवटी त्यानं परदेशातल्या कुणा जाणकाराचा लेख वाचून लिहिलं: माउंट असा हवा की त्याचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखून ठेवला की एकच चकती फिरवत ग्रहामागे जाता यावं.

या काळात अप्पांचा काचबिंदू फाइलची वाट बघत बसला नाही. उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्याची नजर कडांकडून मिटत मिटत मधे एक भोक उरलं. 'मी आता नळीतनंच बघतो, तुमची दुर्बीण मला काय नवी,' असं ते म्हणायचे आणि मग मान हळूहळू फिरवून एकेकाचा चेहरा त्या भोकात आणायचे, कोण हसलं ते बघायला. कुणी हसलेलं नसायचं.

या नोव्हेंबरात डॉक्टरांनी सांगितलं की थेंबांनी डोळ्याचा दाब उतरत नाही, ऑपरेशन करावंच लागेल. आणि नजर इतकी थोडी उरलेली असली की कधी कधी ऑपरेशनमध्ये तीही जाते. क्वचित. तारीख पडली, पुढच्या आठवड्यातला सोमवार. घरी येताना रिक्षात श्रीलक्ष्मीनं एवढंच विचारलं:

"फाइल कुठवर आली?"

क्षितिजनं त्याच रात्री आरशाची एक मध्यम दुर्बीण मागवली. आस रोखायच्या माउंटसकट.

खोकी गुरुवारी चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीत सासऱ्यांच्या घरी पोचली. शुक्रवारी आभाळ उघडलं म्हणून क्षितिजनं सगळं गच्चीवर जोडलं आणि ध्रुवतारा शोधायला उत्तरेला तोंड केलं. समोर मॅन्शन होती, म्हणजे एकट्या नोकरदारांना खोल्या देणारी इमारत. मॅन्शनच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती, टाकीला बांधलेल्या दोरीवर अठरा लुंग्या होत्या, आणि ध्रुवतारा त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी असावा अशी शास्त्राची ग्वाही होती. अकोल्याचा ध्रुव वीस अंशांवर, चेन्नईचा तेरावर. माउंटच्या पट्टीवरचे आकडे मुळात वीसपासूनच सुरू होत होते. म्हणजे कंपनीच्या मते चेन्नई नव्हतीच. क्षितिजनं स्क्रू आणखी पिळून आस खाली नेला तेव्हा समतोलाचं वजन जाऊन तिवईच्या पायावर आपटलं आणि नळी उलट दक्षिणेला, अड्यारच्या दिशेनं तोंड करून अडकून बसली. उरलंसुरलं वाऱ्यानं केलं. अप्पांनी डोळा लावला, तर एक पिवळा ठिपका थरथरत आला आणि गेला.

"गाडी थांबली नाही," अप्पा म्हणाले आणि जिना उतरून गेले.

शनिवारी दिवसभर पाऊस. क्षितिज पट्टीला पर्याय शोधत मोबाइल चाळत होता, तेव्हा त्याला दुसरंच काही सापडलं. शनीचं कडं आपल्याकडे कायम सारखं कललेलं नसतं. साधारण पंधरा वर्षांतून एकदा ते आपल्याला अगदी धारेवरून दिसतं, म्हणजे जवळजवळ दिसतच नाही. ते वर्ष हे होतं. आणि या वर्षातही कडं सगळ्यात बारीक दिसायचे दिवस नेमके हेच.

त्यानं लेख तीनदा वाचला. मग फाइल काढली. आरशाचा रकाना होता, पायांचा होता, हमीचा होता, खोक्याच्या वजनाचाही होता. शनीचा रकानाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी, ज्या दिवाळीत त्यानं पहिलं पान लिहिलं, तेव्हा बाजारातल्या कुठल्याही साध्या दुर्बिणीतून कडं चांगलं मोकळं दिसलं असतं. तो फाइल मांडीवर घेऊन बसून राहिला. श्रीलक्ष्मीनं जेवायला हाक मारली तेव्हा भूक नाही म्हणाला. कुणालाच काही सांगितलं नाही.

रविवारी चारच्या सुमाराला ढग फाटले. क्षितिजच्या मनात आलं की पाऊस राहिला असता तर बरं झालं असतं, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो सगळ्यांच्या आधी गच्चीवर गेला. मागोमाग सासूबाई, राजसबाई, वर आल्या. शनीला दुर्बिणीतून बघणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. देवळातसुद्धा त्याच्या अगदी समोर उभं राहायचं नाही, बाजूला सरून हात जोडायचे. आणि इथे त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायला यंत्र आणलं होतं. तरी डुगडुगणारी तिवई बघून त्यांच्यातली गृहिणी शनीच्या भीतीवर मात करून गेली.

"असल्या काटक्यांवर कुणी देव बसवतं का," त्या म्हणाल्या. "दगडात बसवा."

कोपऱ्यात इडलीचं पीठ वाटायचा दगडी रगडा होता. विजेचा आल्यापासून त्यात कावळे पाणी प्यायचे. चाळीस वर्षं पीठ वाटलं, तसूभर हलला नाही, असं राजसबाईंनी त्याचं प्रमाणपत्र दिलं. क्षितिजनं पाणी उपसलं, खळग्यात जुनी सुती साडी दुमडून घातली, नळी माउंटवरून सोडवली आणि तिचं बूड रगड्यात ठेवलं. हवी तशी कलत होती. हात काढला की जागच्या जागी. यात एकही स्क्रू नव्हता. सात महिन्यांत जो माउंट तक्त्यात आला नाही, तो सासूबाईंनी माहेरून आणला होता.

सात वाजता शनी डोक्याजवळ आला. क्षितिजनं तो नळीत पकडला, स्वच्छ, गोल, न थरथरता. त्यातून गेलेली कड्याची रेघ आहे की आपल्याला हवी म्हणून दिसते आहे, ते त्याला कळेना. त्यानं अप्पांना स्टुलावर बसवलं, त्यांचं डोकं दोन्ही हातांनी आयपीसशी आणलं. राजसबाई चार पावलं बाजूला सरून टाकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. श्रीलक्ष्मी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून.

अप्पांनी मान तसूतसूनं फिरवली.

"सापडला," ते म्हणाले. "मोहरीएवढा आहे. चाक कुठंय?"

श्रीलक्ष्मी नवऱ्याकडे बघत होती. आहे की, नीट बघा, असं म्हणता आलं असतं. अप्पांना दिसलंही असतं; त्यांना दिसायलाच हवं होतं. उद्या सकाळी आठला ऑपरेशन. क्षितिजच्या तोंडात ते वाक्य तयार होतं.

"अप्पा, चाक यंदा धारेवर आहे. रेघच उरलीय, तीही मला धड दिसत नाही." त्याचा आवाज कार्यालयातल्यासारखा सपाट निघाला. "दोन वर्षांपूर्वी मोकळं दिसत होतं. मी तक्ते करत बसलो."

श्रीलक्ष्मीनं हात खांद्यावरून काढून घेतला. अप्पांनी डोळा आयपीसवरून काढला नाही. शनी सरकत सरकत नळीबाहेर गेला असणार, तरी ते बघत राहिले. खाली बस थांबली, सुटली.

"सरि, बरं," ते शेवटी म्हणाले. "बाजूनं बघितलं तर चाकाची पट्टीच दिसते. त्यात त्याची काय चूक." तुझी काय चूक, असं मात्र ते म्हणाले नाहीत. मान वळवून त्यांनी उरलेल्या भोकात क्षितिजचा चेहरा आणला आणि तिथेच ठेवला. "परत कधी उघडतं?"

"पुढच्या वर्षी थोडं. मग वाढत जाईल."

"त्या दिवाळीत केवढं होतं?"

क्षितिजला हातांनी दाखवावंसं वाटलं, पण नजरेच्या भोकात किती मावेल कोण जाणे. अप्पांनी आपला डावा तळहात पुढे केला. क्षितिजनं बोटानं त्यावर आधी एक गोळा काढला, मग त्याच्याभोवती आडवं, चपटं कडं, दोन्ही बाजूंना गोळ्यापासून सुटलेलं.

"टेकत नाही कुठे?"

"नाही."

"बेअरिंग नाही," अप्पा स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी मूठ मिटली. राजसबाई टाकीकडे बघतच म्हणाल्या की भेट झाली असेल तर आता खाली चला, रात्री बारानंतर पाणीसुद्धा प्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या खोलीबाहेर नर्सनं क्षितिजकडून दोन कागदांवर सह्या घेतल्या. त्यानं एकही ओळ न वाचता केल्या. मग तिनं नाडीचा चिमटा लावायला अप्पांचा हात मागितला. डावा जवळ होता, मिटलेला. तिनं बोट सोडवायला हात घातला, तशी अप्पांनी मूठ पाठीमागे नेली आणि दुसरा हात पुढे केला.